धरणाच्या पोटातलं वावर

धरणाचं पाणी खाली गेलं आणि भांडण वर आलं.

सात वर्षं ते पाण्याखाली होतं. मेहकरच्या वरच्या अंगाला सरकारनं ओढ्याला आडवी भिंत घातली, गाव उठवून मुरमाड माळावर नेऊन बसवलं, आणि पहिल्याच पावसाळ्यात भगवंतराव आणि इंद्रभान यांची लागून असलेली दोन काळी वावरं बुडाली. मधला धुराही बुडाला. धुरा म्हणजे दोन वावरांमधली, कोणीच न नांगरलेली दोन हातांची पट्टी. तिच्यावर गवत उगवायचं आणि एक बाभूळ होती. एवढ्यासाठी दोघं अकरा वर्षं मेहकरच्या कोर्टात तारखा करत होते. जायचे एकाच एसटीनं, एक पुढच्या बाकावर, एक मागच्या. जमीनच पाण्यात गेल्यावर कोर्टानं कागद बांधून ठेवले. भांडायला काही उरलं नाही तशी दोघांत हळूहळू बोलाचाली सुरू झाली. माळावर दोघांनाही खडकाळ तुकडे मिळाले होते आणि दोघांच्याही दावणीला एकेकच बैल टिकला होता. मग सावड झाली. याचा बांड्या आणि त्याचा तांबड्या एका जुवाखाली, आधी एकाचं वावर, मग दुसऱ्याचं. बैलांचं तर पहिल्या दिवसापासून चांगलं जमलं.

बहात्तर साली पावसानं दगा दिला. आसपासच्या गावांची पिकं उभी करपली. धरणात होतं तेच पाणी रोज थोडं थोडं खाली सरकत राहिलं आणि दिवाळीनंतर कधी कोणी पाहिलं नव्हतं इतकं आत गेलं. जुन्या गावठाणाचे दगड दिसले, मारुतीचा ओटा दिसला, आणि त्याच्याही पलीकडे ही दोन वावरं पाण्याखालून उघडी पडायला लागली. दुष्काळ असा कोणाच्या फायद्याचा असतो हे बोलून दाखवायची सोय नव्हती, म्हणून कोणी बोललं नाही. पण भगवंतराव रोज सकाळी चूळ भरली की थेट तिकडे जाऊन उभा राहायचा. साठी उलटलेला माणूस, कंबरेत वाकला होता, बोलण्यात मात्र कुठंच वाकलेला नव्हता.

धरणावरचा पाटकरी सायकल हातात धरून आला आणि दोन्ही घरांना सांगून गेला, "साहेबाचं म्हननं असं, का ज्याचं जुनं वावर असंन त्यानं या साली पेराव. पाणी आलं का सोडाव. पन वावर सरकारचं हाय, हे ध्यानात ठेवा."

"माह्या आज्यानं काटे काढून ते वावर केलं," भगवंतराव म्हणाला. "सरकार कुठी होतं तवा?"

"ते तुम्ही साहेबाले इचारा," म्हणत पाटकरी सायकलवर बसला.

भगवंतरावाची सून वच्छला मात्र या वावराकडे आज्या-पणज्यासाठी बघत नव्हती. तिचा नवरा शालिग्राम दसऱ्यापासून दुसरबीडकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. त्यानं एका माणसाबरोबर निरोप धाडला होता, की हरभरा पेरून झाला तर तिथंच राहा, नाही झाला तर पोरींना घेऊन इकडे ये, दोन हात वाढतील. वच्छला एकदा तिथं चार दिवस राहून आली होती. पोत्यांच्या आडोशाला संसार, हाताची सालटं निघालेली, धाकट्या पोरीला ढाळ लागलेले. शिवाय ती गेली तर सासरा माळावर एकटा राहणार, कारण तो काही हलणारा नव्हता, आणि चूल पेटवायची कशी हे त्याला या वयात कोण शिकवणार. मडक्यात राखेत घोळून ठेवलेला बियाण्याचा हरभरा तेवढा घरात होता. तो मातीत गेला तर घर, नाही गेला तर खडी. वच्छलेच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

गाळाचं गणित सोपं असतं, पण ते कोणासाठी थांबत नाही. पाणी हटलं की आठवडाभर पाऊल घोट्यापर्यंत रुततं. मग वर साय धरते आणि पाच-सहा दिवस बैल चालतात, पेरणीची तिफन चालते. त्यानंतर ऊन साय फाडतं, हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मग त्या जमिनीवर टिकावसुद्धा वाजतो.

वरच्या अंगाला साय धरली त्या दिवशी सकाळीच बांड्या-तांबड्याची जोडी जुंपली. भगवंतरावानं तिफन धरली, वच्छलेनं चाड्यावर, बियाणं सोडायच्या लाकडी वाटीवर, मूठ धरली. इंद्रभान बैलांच्या बाजूनं चालत होता आणि त्याची बायको जनकाबाई ओटीत बियाणं घेऊन मागं मागं. इंद्रभान भगवंतरावाच्याच वयाचा, पण अंगानं सुका आणि तोंडात कायम तंबाखू. चार तासं, पेरणीच्या चार ओळी, सरळ गेली. गाळ मऊ होता, बैलांना ओढ लागत नव्हती. वच्छलेच्या मुठीतून दाणे नळ्यांत पडताना खडखड आवाज यायचा, तो तिला बरा वाटत होता.

पाचव्या तासाला तिफन धुऱ्याशी आली. धुरा असा काही दिसत नव्हता. गाळाखाली एक वितभर उंचवटा आणि त्यात बाभळीचं काळं पडलेलं खुंट. भगवंतराव खुंटाच्या पलीकडून बैल वळवायला निघाला.

"भगवंता, इकडूनच मोड," इंद्रभान म्हणाला.

"काऊन?"

"खुंट माह्या वावरातलं हाय. धुरा खुंटाच्या अलीकडं."

"खुंट धुऱ्याच्या मधात हाय. त्याच्या पलीकडं हातभर माहं."

"हे तुले कोर्टात सांगता आलं नाई."

"कोर्टात सांगू काय? बाभूळ तूनं तोडून नेली होती. जजले सावली दाखवू?"

जनकाबाई मधे पडली. "भाऊजी, दुपार होऊन राह्यली. मोडा ना कुठूनबी."

"तू चूप बस," इंद्रभान तिला म्हणाला. मग त्यानं तंबाखूची पिंक टाकली, वाकून तांबड्याच्या गळ्याचं जोत सोडलं आणि त्याला दोरीनं धरून माळाकडे चालता झाला. जू एका बाजूला पडलं. बांड्याची मान तिरकी झाली. वच्छलेची मूठ चाड्यावर तशीच भरलेली होती. दोन म्हाताऱ्यांच्या आणि एका मेलेल्या बाभळीच्या मधे आपलं घर अडकलं हे तिच्या लक्षात आलं आणि तिला इतका राग आला की मुठीतले दाणे ती तिथंच फेकून देणार होती. पण बियाणं होतं. तिनं ते परत ओटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी कोणी कोणाकडे गेलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वच्छला सकाळ-संध्याकाळ जाऊन गाळात बोट घालून बघत होती. वरच्या पट्ट्यात बोट पहिल्या पेरापर्यंत जायचं, मग तेवढंही जाईना. घरी येऊन ती सांगायची, "मामाजी, भेगा पडून राह्यल्या."

"पडू दे."

"इंद्रभानकाकाले बोलावून आनू का?"

"त्याचे पाय मोडले काय? गरज त्याले बी हाय."

गरज होतीच. इंद्रभानाचं तर सगळंच वावर तसंच पडलं होतं. ओढ्यात खणलेल्या झिऱ्यावर पाणी भरताना जनकाबाई वच्छलेला म्हणाली, "आमचे हे रातभर कूस बदलतात. पोट दुखते काय इचारलं तं म्हनतात, नाई, खुंट दुखते."

वच्छला हसली, पण तिला हसू फार वेळ पुरलं नाही. "काकू, पुढच्या बाजारच्या दिवशी दुसरबीडचा मानूस निघते. मले जा लागीन त्याच्यासंगं."

"पोरी घेऊन?"

"मंग कोनाजवळ ठेवू?"

जनकाबाईनं वाटीनं पाणी भरत भरत हंडा भरला. तिला स्वतःच्या पोटचं कोणी नव्हतं. वच्छलेच्या पोरी तिच्याच ओसरीवर खेळायच्या.

चौथ्या दिवशी भगवंतरावानं जे केलं ते गावात बरेच दिवस सांगितलं जात होतं. त्यानं बांड्याला जुवाखाली एका बाजूला जुंपलं आणि दुसऱ्या बाजूखाली स्वतःचा खांदा दिला. खांद्यावर पटक्याची घडी ठेवली होती. "तिफन धर," तो सुनेला म्हणाला.

"मामाजी, लोक पाह्यतात."

"पाहू दे. लोकाईच्या बापाचं काय जाते?"

बैलाची आणि माणसाची उंची एक नसते, चाल एक नसते. बांड्या एक पाऊल टाकायचा तेवढ्यात भगवंतराव तीन टाकायचा. दहा पावलांत जुवानं त्याचा खांदा सोलला. माळावरून बाया बघत होत्या, आणि ओसरीवर बसलेला इंद्रभानही बघत होता. वच्छलेला सासऱ्याच्या मानेची शिर दिसत होती आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. ती मान खाली घालून चालत राहिली.

त्यात म्हाताऱ्यानं अजून एक केलं. वरचा पट्टा सोडून त्यानं बैल खालच्या कोपऱ्याकडे वळवला, धुऱ्याच्या अगदी लगत, जिथून पाणी हटून चारच दिवस झाले होते. इंद्रभानाच्या आधी तिथं तास पाडून ठेवायचं, म्हणजे जागेवर आपला हात राहील, एवढाच त्यात अर्थ.

"तिथी वलं हाय, मामाजी."

"मले शिकवतं काय? त्या कोपऱ्यात हातभर खाली मुरूम लागते. पावसाळ्यात गाडी नेली हाय म्या तिथून."

खोटं नव्हतं. ते वावर त्याला झोपेत पाठ होतं, कुठं मुरूम, कुठं खडक, कुठं पाणी साचतं सगळं. पण त्याला पाठ होतं ते सात वर्षांपूर्वीचं वावर. त्यावर सात पावसाळ्यांचा गाळ येऊन बसला होता आणि त्या गाळाची आणि त्याची ओळख नव्हती. बांड्याचे पुढचे पाय गुडघ्यापर्यंत गेले. त्यानं सुटायला झटका दिला तसे मागचेही गेले. भगवंतराव जुवाखालून निसटून बाजूला पडला. बैल पोटावर बसला आणि जेवढी धडपड करी तेवढा आत जाऊ लागला.

वच्छलेनं शिंग धरलं, म्हाताऱ्यानं शेपूट. दोघांचं मिळून बैलाच्या एका पायाएवढं बळ नव्हतं. चिखल दोघांच्या मांड्यांपर्यंत आला. बांड्या आता ओरडतही नव्हता, नुसता नाकपुड्या फुगवत होता.

तेवढ्यात माळाकडून इंद्रभान येताना दिसला. त्याच्या डोक्यावर घराचं दार होतं. आख्खं फळ्यांचं दार, बिजागरीतून उचलून काढलेलं, कडीसकट. मागून जनकाबाई तांबड्याला घेऊन पळत येत होती, खांद्यावर सोल, मोटेचा जाड दोर. इंद्रभान थेट बैलापाशी आला. त्यानं दार गाळावर आडवं टाकलं, स्वतः त्यावर पालथा झोपला, हातानं बैलाच्या पोटाखालचा चिखल उपसला आणि सोल पोटाखालून पलीकडे काढला. मग दार बैलाच्या पुढच्या पायांशी सरकवलं.

"तांबड्याले जुप," तो बायकोला म्हणाला. मग भगवंतरावाकडे न बघता, "शेपूट सोड. मानेखाली खांदा लाव."

भगवंतरावानं सोललेला खांदाच लावला. तांबड्यानं ओढलं. दार करकरलं. दोनदा बैल वर येऊन परत बसला, तिसऱ्यांदा त्याचे पुढचे पाय दारावर आले आणि मग एकदम सगळाच वर आला. म्हातारे दोघंही चिखलात बसले. तोंडापर्यंत माखलेले, कोण कुठला ते कळत नव्हतं.

धाप ओसरली तसा भगवंतराव म्हणाला, "घराचं दार काढून आनलं?"

"घरात चोरायले काय हाय?"

बांड्या वाचला, पण मागचा पाय टेकेना. पुठ्ठ्यात लचक भरली होती. महिनाभर तरी त्याला जुवाखाली घेता येणार नव्हतं. दोन घरांत मिळून आता चालता असा एकच बैल राहिला. म्हणजे भांडण मिटलं तेव्हा सावड करायला काही उरलं नव्हतं. देवाला अशा वेळी नेमकी मस्करी सुचते.

दुसऱ्या दिवशी वच्छला भाकरी फडक्यात बांधून, मडकं कमरेवर घेऊन एकटीच खाली गेली. बाजाराला तीन दिवस होते. वरच्या पट्ट्यात आता टाचसुद्धा रुतत नव्हती. ती तशीच पुढे गेली, बैल फसला होता त्या जागेला वळसा घालून थेट पाण्याच्या कडेला. तिथं ती घोट्यापर्यंत रुतली. बैल रुततो तसं माणूसही रुततं, पण माणूस पाय काढून घेऊ शकतं. ती उकिडवी बसली. बाभळीच्या काडीनं गाळात बोटभर भोक पाडलं, दोन दाणे टाकले, अंगठ्यानं दाबलं. मग वीतभर सरकून दुसरं. गावात मिरची अशी लावतात, वेल असे डोबतात. हरभरा असा कोणी डोबला नव्हता. हरभरा म्हणजे तिफन, तिफन म्हणजे बैल, आणि बैल चालायला साय धरायला हवी, म्हणून सगळं गाव गाळ सुकायची वाट बघायचं. तिला एवढंच सुचलं होतं की वाट बघायला तिच्याजवळ दिवस नाहीत.

घटकाभरानं जनकाबाई आली. गुडघ्यांनी ती उकिडवी बसू शकत नव्हती, म्हणून तिनं पोतं अंथरलं आणि त्यावर बसून सरकायला लागली. "लहानपनी अशीच सरकत होते म्हनते मी," ती म्हणाली. "पुन्हा तिथीच आले."

दोघींच्या ओळी वावराच्या उभ्या-आडव्या तासांसारख्या सरळ नव्हत्या. पाण्याची कड जशी वळेल तशी ओळ वळत होती.

दुपारी भगवंतराव आला. खांद्याला हळद लावलेली. बराच वेळ काठावर उभा राहून त्यानं बघितलं. "हरभरा हाय का मिरची, हातानं लावायले?"

"बैल चालत नाई तिथी हात चालते, मामाजी," वच्छला वर न बघता म्हणाली. "पानी मांगं सरकलं का आपन बी सरकू. पान्याच्या मांगं मांगं."

"आन् वर जे वाळलं ते?"

"ते गेलं. त्याले आता रडून काय?"

असं सुनेनं त्याला यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं. तो रागावेल असं तिला वाटलं. तो खाली बसला. त्याची कंबर वाकलेलीच होती, त्यामुळे या कामाला ती उपयोगी पडली. थोड्या वेळानं दुसऱ्या टोकाकडून इंद्रभानही स्वतःचं बियाणं धोतराच्या सोग्यात घेऊन आला आणि आपल्या वावराच्या बाजूनं डोबायला लागला. दोन म्हातारे दोन टोकांना, मधे दोघी बाया.

सूर्य कलला तेव्हा वच्छलेची ओळ धुऱ्याशी आली. खालच्या अंगाला खुंट नव्हतं, नुसता गाळातला उंचवटा. दोन्ही म्हाताऱ्यांचे हात थांबले. धुऱ्यावर पेरत नाहीत. वाऱ्यानं उडून पडलेला दाणा तिथं उगवला तरी त्याचं कणीस पाखरांना सोडतात, ही पिढ्यांची रीत. वच्छलेलाही ती माहीत होती. तिनं काडी रोवली.

"धुरा हाय तो, वच्छले," भगवंतराव म्हणाला.

"वल हाय इथी."

"धुऱ्यावर पेरत नाईत."

वच्छलेनं पहिल्यांदाच दोघांकडेही सरळ बघितलं. तिच्या कपाळावर गाळ होता. "कोनाचा धुरा? ज्याचा असंन त्यानं सांगा. मी हात काढते."

भगवंतरावानं इंद्रभानाकडे पाहिलं. इंद्रभान तंबाखू मळत होता, मळतच राहिला. अकरा वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर दोघंही तारखेला तारखेला मोठ्यानं देत आले होते, ते आता एकाच्याही तोंडातून बाहेर पडेना. वच्छलेनं थोडा वेळ वाट पाहिली. मग दोन दाणे टाकले, अंगठ्यानं दाबले आणि वीतभर पुढे सरकली.

पाणी रोज हटत होतं आणि ही चार माणसं रोज त्याच्या मागे जात होती. अंगठ्यांची नखं काळी पडली, मग निघून आली. जनकाबाईचं पोतं दोनदा फाटलं. बाजाराच्या दिवशी दुसरबीडचा माणूस निघाला तेव्हा वच्छलेनं त्याच्याजवळ चार भाकरी आणि तिखट दिलं आणि सांगितलं, "त्याईले सांगजा, पेरनी चालू हाय." मार्गशीर्ष संपता संपता बियाणं संपलं. पहिल्या ओळी तोवर वीतभर झाल्या होत्या आणि शेवटच्या नुसत्या कोंबात होत्या. एकाच वावरात चार वयांचा हरभरा उभा राहिला. पाटकरी सायकल टेकवून बघत राहिला, मग त्याचा साहेब जीपमधून आला. साहेबानं विचारलं, ही पद्धत कोणी शिकवली? भगवंतराव म्हणाला, "बैलानं."

फाल्गुनात वरच्या ओळींपासून सोंगणी सुरू झाली. शालिग्राम परत आला होता, हाताला घट्टे आणि खोकला घेऊन. तो वावरभर फिरला आणि बायकोला म्हणाला, "एवढं सारं हातानं?" वच्छलेनं त्याला आपला अंगठा दाखवला. दोन्ही घरं आपापल्या बाजूनं सोंगत मधे आली. धुऱ्यावरचा हरभरा सगळ्यांत दांडगा होता. पिढ्यान् पिढ्या नांगर न लागलेली माती, वर गाळ. घाटे असे भरले होते की झाडं वाकली होती.

"धुऱ्याले इळा लावू नका," भगवंतरावानं बजावलं. "तो इंद्रभानाचा हाय."

"माहा कायचा?" पलीकडून इंद्रभान म्हणाला. "तुह्या सुनेनं डोबला. तुहा हाय."

"तूच म्हने कोर्टात, का खुंट तुह्या वावरातलं."

"आन् तुहा वकील म्हने, का खुंटाच्या पलीकडं हातभर भगवंतरावाचं. शिकलेला मानूस होता. खोटं बोलंन काय?"

"दार तूनं काढलं होतं घराचं. मुकाट्यानं ने."

"दाराचं नाव घेऊ नको. बैल काय तुह्या एकट्याचा होता?"

आवाज चढले. भगवंतरावाचे ओठ थरथरत होते, आणि ते रागानं नव्हतं हे शालिग्रामलाही दिसलं. इंद्रभानानं विळा जमिनीवर आपटला. शेवटी दोघंही एकमेकांकडे पाठ करून बसले. दोघी बायांनी एकमेकींकडे पाहिलं, पदर खोचले आणि दोन बाजूंनी धुरा सोंगून टाकला. मग पेंढ्या बांधून दोन्ही घरांच्या मालात सारख्या टाकल्या, आणि सगळं एकाच खळ्यावर नेलं. एकदा रास झाल्यावर तिच्यातून धुरा वेगळा काढणं कोणत्याही कोर्टाला जमलं नसतं. दाणे मोजून अर्धे अर्धे झाले. वच्छलेनं आपल्या वाट्यातलं बियाणं आधी बाजूला काढलं, राखेत घोळलं, आणि मग खायचं काढलं. खडी फोडायला त्या घरातून पुन्हा कोणी गेलं नाही.

पुढच्या साली पाऊस झाला. भादव्यात धरण भरलं. वावरं बुडाली, धुरा बुडाला, मारुतीचा ओटा बुडाला, आणि पाणी माळाच्या पायथ्याशी येऊन थांबलं. भरल्या पाण्याची ओटी भरायला गावच्या बाया निघाल्या तशी वच्छलाही खण-नारळ घेऊन निघाली. भगवंतराव काठी टेकत तिच्या मागे गेला. बाया पाण्यात हळदकुंकू वाहत होत्या. तो लांब एका दगडावर बसला आणि ज्या जागी वावर होतं त्या जागेकडे बघत राहिला. तिथं इतर पाण्यासारखंच पाणी होतं. त्याला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतं याचा रागही येत होता. पाऊस चांगला झाला म्हणून सगळं गाव खुशीत असताना आपल्या एकट्याला वाईट वाटावं, हे त्याला बरोबर वाटत नव्हतं.

वच्छला ओले हात पुसत त्याच्याजवळ आली.

"काय मागतलं?" त्यानं विचारलं.

या माणसाला काय सांगावं हे तिला लगेच कळेना. मग खरं तेच सांगितलं. "म्हनलं, असंच भरत जाय दरसाली. भरलं तं कडेकडेनं पेरता येते, पानी उतरंन तसं. पार आटलं तं एक साल पिकते, अन् मंग खडी."

म्हणजे ते वावर पुन्हा कधी दिसू नये, असंच तिनं मागितलं होतं. भगवंतरावाला ते समजलं. त्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बरं मागतलं," तो म्हणाला. "मी बी तेच मागतो."

आणि तो उठून पाण्यापर्यंत गेला, वाकून दोन्ही हात पाण्यात बुडवले, आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. वच्छला त्याला हाक न मारता थांबली.